कोयता लागला, गाडी येईपर्यंत काय?

गळीत हंगाम सुरू झाला की दरसाल कुणाच्या ना कुणाच्या नडगीवर नाहीतर डाव्या हातावर कोयता बसतो. उजव्या हातात कोयता, डाव्या हातात ऊस. घाव निसटला की तिथंच यायचा. तोडणारा आपला सभासद नसेल, पण फड आपला आहे. म्हणून सभासद बंधूंनी हे नीट वाचावं.

कोयनानगरकडच्या जुन्या मंडळींना ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवते. झोपेतल्या माणसांवर दगड-मातीच्या भिंती आल्या. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, दोन हजारांवर जखमी झाली. तेव्हा पहिला हात शेजाऱ्याचाच पोचला. आज १०८ ची गाडी आहे, राज्यात ही सेवा २०१४ पासून चालू आहे. तरी कोयनानगरहून कऱ्हाड पन्नास किलोमीटरच्या वर, आणि वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट वेगळीच.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. दीड-दोन लिटर गेलं की जीव धोक्यात. मांडीची मोठी शीर तुटली तर एवढं काही मिनिटांत जातं. म्हणून एकानं १०८ लावावा आणि दुसऱ्यानं लगेच जखमेवर धुतलेला पंचा ठेवून दोन्ही तळव्यांनी अंगाच्या भारानं दाबावं. सारखं उचलून बघू नये. कापड भिजलं तर वर दुसरं ठेवून दाबतच राहावं. जखम खोल असेल तर कापड आत ठासून भरावं. रुतलेली वस्तू मात्र उपसू नये.

हातापायाचं रक्त तरीही थांबेना, तर जखमेच्या चार बोटं वर, गुडघा-कोपर सोडून, रुंद पट्टी बांधावी आणि त्यात काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळावी. सुतळी नको, ती मांसात रुतते. दुखतं म्हणून मध्येच सैल करू नये. सोडायचं काम डॉक्टरांचं. बांधल्याची वेळ कपाळावर पेनानं लिहावी. लोक हसतील, हसू द्यात. जखमीला आडवं करून पांघरूण घालावं, चहा-पाणी पाजू नये.

कोयता कधी लागला हेही डॉक्टरांना सांगा. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड नावाचं औषध रक्तस्रावात जीव वाचवतं, पण मार लागल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तरच. वीस हजारांवर जखमींवर झालेल्या अभ्यासातून २०१० नंतर हे कळलं.

आता दुसरा धोका. आम्ही एका फडावर पाहिलं, नडगीच्या जखमेत तंबाखू भरून गडी दुसऱ्या दिवशी कामाला. पाचव्या दिवशी हुडहुडी, धाप, आणि बायकोला भलत्याच नावानं हाक. टोळीत म्हणाले, बाहेरचं झालं. ते बाहेरचं नव्हतं, जखमेतलं विष अंगभर गेलं होतं. डॉक्टर याला सेप्सिस म्हणतात. दवाखान्यात नेलं म्हणून गडी वाचला. जोराचा श्वास, बडबड किंवा गुंगी, लघवी कमी, हातपाय गार, कातडीवर निळसर चट्टे, यातलं काही दिसलं की रात्र काढू नका. ताप असेलच असं नाही. म्हाताऱ्यांत अंग उलट गार पडतं. साखरेचा आजार असलेल्यांना आणि ओल्या बाळंतिणीला धोका जास्त. जखमेत हळद, चुना, शेण काही नको. रक्त थांबलेली लहान जखम भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवावी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं.

प्रत्येक टोळीच्या मुकादमाकडे एका डब्यात दोन धुतलेले पंचे, रुंद पट्टी, वीतभर काठी आणि पेन असावं. तोडीची चिठ्ठी देतानाच चिटबॉयनं डबा उघडून बघावा.