झाडपाल्याची नावे आणि माणसांची नावे

वाचन: निर्गम १२:२१-२२, यशया ४३:१



सोलापूरजवळच्या एका पारधी वस्तीवर आमची प्रार्थनासभा चालू असताना एका मुलाचा गुडघा फुटला. आम्ही जखम धुतली. तेवढ्यात त्याच्या आजीने बांधावरचा पाला चुरगाळून आणला. मी म्हणालो, "आजी, ही एकदांडी ना?" ती म्हणाली, "आमी दगडीपाला म्हनतो, बाबा."

दोन्ही नावे खरी. लांब दांड्यावर एकच फूल येते, म्हणून एकदांडी. दगडधोंड्यांतही उगवते, म्हणून दगडीपाला. हे रोप मूळचे अमेरिका खंडातले, तरी आपल्या लोकांनी ते जवळून पाहिले आणि मगच नाव दिले.

दुसरे नाव कळलावी. ती घरात आणली की भांडणे लागतात, असे पुष्कळजण मानतात. पण ही कळ बाळंतपणाची. पूर्वी त्यासाठी तिचा कंद वापरीत. तो कंद जहाल विषारी आहे. पोटात गेला तर जीव जाऊ शकतो. म्हणून नावाचा अर्थ जाणून घ्यावा, पण अडलेल्या बाईला दवाखान्यातच न्यावे.

तिसरे नाव पवित्र शास्त्रातले: एजोब. वल्हांडणाच्या रात्री इस्राएलांनी एजोबाच्या जुडीने दाराला रक्त लावले. ही वनस्पती नेमकी कोणती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मराठी भाषांतरकारांनी इथल्या एखाद्या झाडाचे नाव तिला चिकटवले नाही. इब्री शब्दच ठेवला. ओळख नसेल तर नाव देऊ नये, हा धडा मी त्यातून घेतो.

माणसांच्या बाबतीत मात्र उलटे घडले. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती 'गुन्हेगार' ठरवल्या. पुढे तो आपल्या भागातही लागू झाला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. अमेरिकन मराठी मिशनने काही काळ तिचा कारभार पाहिला, हेही आपण विसरू नये. १९५२ साली कायदा रद्द झाला. तो शिक्का मात्र अजून लोकांच्या तोंडी आहे.

यशयाच्या वचनात देव आपल्या लोकांना नावाने हाक मारतो. मी आजीला पहिल्याच भेटीत पाल्याचे नाव विचारले. तिचे स्वतःचे नाव विचारायला मला तिसरी भेट लागली.

चर्चेसाठी: आपल्या मंडळीच्या आसपास राहणाऱ्या किती पारधी बांधवांना आपण नावाने ओळखतो?