तामागोचीचा मृत्यू आणि बालमनाचा प्रश्न

स्मरणिकेसाठी वैद्यकीय विषयावर लेख द्यावा, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा एका खेळण्यावर लिहीन असे मलाही वाटले नव्हते. परंतु बालरोगतज्ज्ञ म्हणून माझ्या पाठ्यपुस्तकांत न मिळालेला एक धडा मला त्या खेळण्याने दिला. तो समव्यवसायी मित्रांपुढे व पालकांपुढे ठेवीत आहे.

तामागोची हे खेळणे जपानच्या बंडाई कंपनीने २३ नोव्हेंबर १९९६ रोजी बाजारात आणले. अकिहिरो योकोई व अकी माइता ही दोन नावे त्याच्या निर्मितीशी जोडलेली आहेत. जपानी भाषेत ‘तामागो’ म्हणजे अंडे. त्याला ‘वॉच’ या इंग्रजी शब्दाची जोड मिळून हे नाव बनले. मुठीत मावेल असे अंडाकृती यंत्र, त्यावर छोटा पडदा व तीन बटणे. घड्याळ लावले की सुमारे ५ मिनिटांत पडद्यावरचे अंडे फुटून पिल्लू बाहेर येते. भूक व आनंद दर्शविणारी प्रत्येकी ४ हृदयचिन्हे असतात. ती रिकामी झाली की यंत्र वाजते. जेवण दिल्याने भूक भागते. खाऊ दिल्यास आनंद वाढतो, पण वजनही वाढते. खेळल्यास आनंद वाढून वजन उतरते. विष्ठा साफ करणे, रात्री दिवा मालवणे, आजारात औषध देणे हेही आलेच. क्वचित एका मात्रेने गुण येत नाही, दुसरी द्यावी लागते. काही हवे नसतानाही पिल्लू हाक मारते, तेव्हा शिस्त लावावी लागते. हेळसांड झाली तर ते मरते. मूळ जपानी खेळण्यात अशा वेळी थडगे व भूत दिसे. इंग्रजी आवृत्तीत त्या जागी पंख असलेला देवदूत आला. मृत्यूवर पांघरूण घालण्याचा मोह निर्मात्यांनाही आवरला नाही.

जून १९९८ मध्ये माझी बहीण अमेरिकेहून सात वर्षांच्या मुलीसह इंदूरला माहेरी आली. आमच्या मातोश्री तेव्हा कर्करोगाने अंथरुणाला खिळल्या होत्या. ‘आजी दमली आहे, झोपून राहिली की बरी होईल,’ असे आम्ही सर्वांनी त्या मुलीस सांगितले होते. एके दिवशी मंडळी उज्जैनला महाकालेश्वराच्या दर्शनास निघाली. भाचीने आपली तामागोची माझ्या हाती दिली व म्हणाली, “मामा, तू डॉक्टर आहेस ना? मग हिला नीट सांभाळशील.”

दवाखान्यात गर्दी होती. यंत्र दोनतीनदा वाजले. रुग्णांना त्रास नको म्हणून मी ते टेबलाच्या खणात ठेवले आणि विसरलो. सायंकाळी खण उघडला, तो पडद्यावर देवदूत.

सोबतच्या माहितीपत्रकात लिहिले होते की, पहिले व तिसरे बटण एकत्र दाबले की नवे अंडे येते. बोटे बटणांपर्यंत गेली, हे मी कबूल करतो. असंख्य नातेवाइकांना अप्रिय वार्ता सांगितलेला मी, एका सात वर्षांच्या मुलीपुढे मात्र कचरत होतो. अखेर बटणे न दाबता मी तिला सांगितले, “बाळ, ती मेली. मी लक्ष दिले नाही. चूक माझी आहे.”

ती रडली. बऱ्याच वेळाने तिने विचारले, “आजीपण मरणार आहे ना? कुणी सांगत नाही.”

आम्ही जे दडवीत होतो, ते तिला केव्हाच उमगले होते. बहिणीच्या संमतीने त्याच रात्री मी तिला खरे सांगितले. आजीचा आजार मोठा आहे, आता औषधांनी तो बरा होणार नाही, पण तिला वेदना होऊ नयेत म्हणून आम्ही झटत आहोत. पुढले तीन आठवडे ती रोज आजीच्या उशाशी बसून असे. सप्टेंबरमध्ये मातोश्री गेल्या. दूरध्वनीवर भाचीने एकच प्रश्न केला, “मामा, तू तेव्हा जवळ होतास ना?” मी होतो.

या अनुभवातून, तसेच पुढील व्यवसायातून, जे हाती लागले ते असे :

१. मेलेला जीव परत येत नाही, त्याचे शरीर काम करीत नाही आणि प्रत्येक जीव मरतो, या गोष्टी बहुतेक मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या सुमारास उमगू लागतात. आपण गप्प राहिलो तर ती एकटीच विचार करीत बसतात.

२. ‘झोपली’, ‘गावाला गेली’ असे शब्द टाळावेत. लहान मूल ते शब्दशः घेते. मग त्याला झोपेची किंवा कुणी गावाला जाण्याची भीती वाटू लागते. ‘देवाघरी गेली’ म्हणणाऱ्या कुटुंबाने ‘म्हणजे ती मेली, आता परत येणार नाही’ हेही जोडावे.

३. ‘माझ्यामुळे झाले का?’ ही शंका मुले सहसा बोलून दाखवीत नाहीत. खेळण्याचे मरण हेळसांडीने येते. माणसाचे तसे नसते, हा फरक आपण होऊन समजावून द्यावा.

४. खेळणे असो वा पाळलेला पोपट, मुलाच्या नकळत त्याच्या जागी दुसरे ठेवू नये. आधी शोक होऊ द्यावा; नवे अंडे केव्हा आणायचे, हे मुलाने ठरवावे.

माझ्या भाचीने नवे अंडे चार दिवसांनी आणले. बटणे तिनेच दाबली. मला केवळ शेजारी बसण्यास सांगितले. पालकांनी व आपण वैद्यांनीही अशा वेळी शेजारी बसण्याची तयारी ठेवावी, एवढीच नम्र विनंती.