गोधडी

धाराशिव जिल्ह्यातील परंडा तालुक्यात सोनारी नावाचे गाव आहे. काळभैरवनाथाच्या मंदिरासाठी आणि गावात निर्धास्तपणे वावरणाऱ्या माकडांसाठी ते पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. चैत्रातील यात्रा आटोपली, म्हणजे शेतातील कामे हलकी होतात. अशा दिवसांत या भागातील घरोघरी जुन्या कपड्यांची गाठोडी सुटतात आणि गोधडी शिवण्यास प्रारंभ होतो. हिलाच कोणी वाकळ म्हणतात. शेजारच्या कर्नाटकात ती कौदी होते, तर दूर बंगालमध्ये कांथा. चिंध्यांचे वस्त्र पांघरणाऱ्या गाडगे महाराजांना लोक गोधडे महाराज असेही म्हणत.

कापडाचे आयुष्य किती लांबवावे, हे गोधडीवरून कळते. नऊवारी लुगडे मध्यभागी विरले, की तेवढा भाग कापून उरलेले दोन तुकडे जोडतात. याला दंड घालणे म्हणतात. दंड घातलेले लुगडेही फाटले, म्हणजे मग ते गोधडीच्या वाट्यास येते. येथे नव्या कापडाला मान नाही. वारंवार धुऊन मऊ झालेले सुती कापडच अंगाला सुखद लागते, आणि सुईही त्यातून सहज जाते.

सारवलेल्या अंगणात प्रथम अस्तर अंथरतात. त्यावर धोतराचे, सदऱ्याचे, परकराचे तुकडे थरावर थर पसरतात. कोठे जाड, कोठे पातळ राहू नये, म्हणून वरून हात फिरवून पाहतात. पातळ राहिलेल्या जागेतूनच थंडी आत शिरते. सर्वांत वर चांगले रंगीत तुकडे येतात. थर हलू नयेत म्हणून आधी लांब लांब कच्चे टाके घालतात. मग कडेपासून आत आत, ओळीशेजारी ओळ, असा धावदोरा चालतो. शेजारणी मदतीस आल्या, तर काम लवकर उरकते. परंतु प्रत्येकीचा टाका निराळा पडतो आणि जाणत्या आजीबाई तो नेमका ओळखतात! या थरांमध्ये हवा अडकून राहते. ती उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. गोधडीची ऊब ती हीच.

रंगांचीही एक कथा आहे. पूर्वी रंगारी हाताने कापड रंगवीत. निळीच्या पिंपातून काढलेले कापड आधी हिरवट-पिवळे दिसते आणि हवा लागताच निळे होऊ लागते. आलाच्या मुळांपासून तांबडा रंग काढीत व तो पक्का बसावा म्हणून तुरटी वापरीत. हळदीचा रंग मोठा देखणा, पण उन्हात टिकत नाही. पुढे १८६८ साली जर्मनीत मंजिष्ठेतील तांबडे द्रव्य रसायनशाळेत तयार झाले, १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली, आणि रंगाऱ्यांची पिंपे हळूहळू ओस पडली.

या भागात गोधडी ही केवळ हौसेची वस्तू नव्हे. परंडा, भूम, वाशी या तालुक्यांतील कित्येक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी साखर कारखान्यांच्या मुलखात जातात. पुढील कित्येक महिने त्यांचा मुक्काम फडाजवळच्या कोपीत असतो. ऐन थंडीत पहाटेच कोयता हाती घ्यावा लागतो आणि कोपीत वारा मोकळेपणाने शिरतो. म्हणून निघण्यापूर्वी घरातील गोधड्या मोजल्या जातात. शाळा बुडू नये म्हणून मुलांना आजी-आजोबांजवळ ठेवावयाचे, तर पांघरुणेही दोन ठिकाणी वाटावी लागतात. चार गोधड्या आणि सहा माणसे, असा हिशेब असला, म्हणजे वाटणी कठीण होते. तेव्हा आपले सर्वांत मऊ लुगडे जिच्यात गेले आहे, ती गोधडी आई घरी राहणाऱ्या मुलाच्या अंथरुणावर ठेवते, आणि गाडीत ठिगळांची जाडजूड वाकळ टाकते.