वाईसवरच्या नावाला भुलू नका

वडिलांच्या वर्कशॉपमधला बेंच वाईस वाटणीत माझ्याकडे आला, तेव्हा भावाला हायसंच वाटलं असणार. बिडाचं ते धूड न्यायचं कुणी आणि ठेवायचं कुठे? अंगावर ठसठशीत अक्षरांत ‘रेकॉर्ड’, खाली ‘मेड इन इंग्लंड’. बीड कुठे चिरलेलं नव्हतं, जबडे सरळ होते. पण हँडल अर्धा वेढा फिरवलं तरी जबडा जागचा हलायचा नाही, आणि आवळलेला जॉब कानस लावताच सैल व्हायचा. “नट गेलाय,” पहिल्याच मिस्त्रीने निकाल दिला. मग सुरू झाला ‘ओरिजिनल’ नटाचा शोध.

या शोधात फारसा अर्थ नसतो. रेकॉर्ड हे शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनीचं नाव. 1972 मध्ये ती रिजवेबरोबर एक होऊन ‘रेकॉर्ड रिजवे’ झाली, पुढे हे नाव आयर्विनकडे गेलं. नाव चालू राहिलं म्हणून वडिलांच्या काळातल्या वाईसचा नट कुणी गोदामात जपून ठेवलेला नसतो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जुने वाईस दिसतात, पण अख्खे. सुटा नट कोण विकणार? आणि जुन्या वाईसमधला काढून घ्यावा म्हटलं, तर तो आपल्याइतकाच झिजलेला निघतो.

तरी एका दुकानदाराने कपाटातून एक नट काढून दिलाच. “हाच, साहेब. रेकॉर्डचाच आहे.” व्यास बरोबर. दोन वेढे झकास गेला आणि तिसऱ्याला अडला. “नवीन आहे, तेल सोडा, बसेल.” बसणार कसा? आमच्या स्क्रूला इंचाला चार आटे, म्हणजे दर आट्याला 6.35 मिलिमीटर; नटाचा पिच 6 मिलिमीटर. चौथ्या आट्यापर्यंत फरक मिलिमीटरच्या वर जातो. जोर केला असता तर होता तो स्क्रूही सोलला गेला असता. पैसे परत मिळाले नाहीत. “एकदा लावलेला माल आम्ही घेत नाही,” असं ऐकावं लागलं.

म्हणून दुकानात जाण्याआधी व्हर्निअर काढा. एकच आटा मोजू नका, त्यात चूक सहज होते. एका आट्याच्या डोक्यापासून पुढच्या दहाव्या आट्याच्या डोक्यापर्यंत मोजा आणि दहाने भागा. 60 मिलिमीटरच्या आसपास आलं तर माल मेट्रिक, 63.5 आलं तर इंची. आट्याचा आकारही बघा. चौकोनी असेल तर दोन्ही बाजू उभ्या, नाहीतर दोन्हीकडे सारखा उतार. झटकन सरकणाऱ्या क्विक रिलीज वाईसमध्ये एक बाजू उभी आणि दुसरी तिरकी असते, आणि नटही अर्धाच असतो. हे टर्नरला आधी सांगितलं नाही तर तो सवयीचे आटे पाडून मोकळा होतो.

त्याहीआधी मिस्त्रीचा निकाल तपासा. वाईस थोडा उघडा, पुढचा जबडा दोन्ही हातांनी मागेपुढे हलवा आणि नजर स्क्रूच्या डोक्यावर ठेवा. जबडा हलतो पण स्क्रू जागेवरच राहतो, तर नट बिचारा ठीक आहे. स्क्रूला जबड्याशी धरून ठेवणारी रिंग, पिन किंवा वॉशर गेलाय. हे काम एखाद्या वॉशरवर भागतं. स्क्रूही जबड्याबरोबर येत-जात असेल तरच नट काढा. माझ्याकडे दोन्ही होतं, आणि अर्धीअधिक ढिलाई एका झिजलेल्या वॉशरची निघाली. आधी कुणी तपासलं असतं तर!

नट शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून घेतला, गनमेटलचा. स्क्रू पोलादी आणि नट मऊ असतो तो मुद्दामच, म्हणजे झिजायचा तर स्वस्तातला भाग आधी झिजावा. टर्नर मात्र जुन्या वळणाचा भेटला. नट बाजूला ठेवून त्याने स्क्रूवरच बोट फिरवलं. हँडलकडचे आटे धारेसारखे पातळ, टोकाकडचे जवळपास कोरे. बारीकसारीक जॉब पकडताना वाईस बहुतेक वेळ मिटलेलाच असतो, त्यामुळे तेवढाच भाग खात राहतो. अशा स्क्रूवर नवा नट टोकाला घट्ट आणि हँडलकडे ढिलाच राहणार. आटे इतके पातळ झाले असतील तर नुसत्या नटावर पैसे घालू नका, जोडीच करून घ्या. मी तेच केलं. खर्च वाढला, पण नव्या बाजारू वाईसच्या बिडापेक्षा हे बीड मला जास्त भरवशाचं वाटतं.

जबड्याच्या पट्ट्या मिळवणं त्या मानाने सोपं, त्यांच्या स्क्रूत मात्र एक खोडा आहे. जुन्या इंग्रजी मालात बऱ्याचदा 5/16 इंची व्हिटवर्थ आटे असतात. त्यात 8 मिलिमीटरचा अ‍ॅलन बोल्ट एक-दोन वेढे गुपचूप जातो, कारण व्यास जवळजवळ तोच. पण व्हिटवर्थला इंचाला 18 आटे आणि एम-8 ला सव्वा मिलिमीटरचा पिच. पान्याने रेटलात तर बिडातले आटे जातात, आणि ते परत आणणं पट्टी करण्यापेक्षा कितीतरी महाग. बीड चिरलं असेल तर साध्या आर्क वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. साध्या रॉडची झाळ दिली की शेजारचं बीड कडक होतं आणि तिथेच पुन्हा तडकतं. गरम करून निकेलच्या रॉडने जोडणारा किंवा पितळेने ब्रेझिंग करणारा शोधा, आणि काम झालं की ते राखेत हळूहळू निवू द्या.

हँडल वाकलं असेल तर त्याच जाडीच्या साध्या माइल्ड स्टीलच्या सळीचंच करा. जाड किंवा कडक सळी घालायचा मोह होतो, माझ्या लेथवाल्यानेही सुचवलं होतं. पण हँडल मऊ असतं ते वाकण्यासाठीच. ते वाकायचं थांबलं की पुढचा नंबर स्क्रूचा किंवा बिडाचा. पाइप घालून आवळणाऱ्यांना वडील वर्कशॉपमध्ये उभंही करत नसत.