तत्त्वाला व्याज लागत नाही

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी एका पतसंस्थेत उमेदवारी करीत होतो. थकबाकीदारांना इंग्रजीतून पत्रे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. १९ पत्रे तयार केली, सह्या घेतल्या आणि टपालात टाकली. चौथ्या दिवशी एक निवृत्त मास्तर आपले पत्र घेऊन आले. सचिवांपुढे ते ठेवून म्हणाले, "साहेब, मुद्दल फेडायला मी तयार आहे. पण तुम्ही तर माझ्याकडे तत्त्व मागताय!"

सगळे ऑफिस हसले. मी 'प्रिन्सिपल' या शब्दाच्या शेवटी पी-ए-एल लिहायच्या ऐवजी पी-एल-ई लिहिले होते. संगणकाने चूक दाखवली नाही, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत. सह्या करणाऱ्यांच्याही ते ध्यानात आले नव्हते, पण हे बोलायची माझी छाती झाली नाही. १९ पत्रे नव्याने गेली आणि टपालखर्च माझ्या विद्यावेतनातून कापला गेला.

मित्रहो, आपण मराठी माध्यमातून आलेली मुले इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहून पाठ करीत आलो. आपल्या लिपीत कानाला ऐकू येते तेच बहुधा कागदावर उतरते, म्हणून कानावर आपला भरवसा. अपवाद आपल्याकडेही आहेतच. 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक माझ्या कानाला कळत नाही, मराठीच्या पेपरात त्यापायी माझे गुण गेले आहेत. माझ्या कन्नड मित्राला मात्र तो स्वच्छ ऐकू येतो. इंग्रजी 'प्रिन्सिपल'पुढे तोही माझ्याइतकाच बहिरा!

हे दोन्ही शब्द 'पहिला' अशा अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दाचे वंशज आहेत. पी-ए-एल म्हणजे प्रमुख: कॉलेजातले प्राचार्य आणि कर्जातले मुद्दल. पी-एल-ई म्हणजे तत्त्व, नियम. आम्ही दोघांनी मिळून एक खूण शोधली. मुद्दल, भांडवल, असल हे शब्द रोमन लिपीत लिहून पाहा, प्रत्येकाच्या शेवटी ए-एल येते. इंग्रजी 'कॅपिटल'ही तसाच. नियमाला इंग्रजीत 'रूल' म्हणतात, त्याच्या शेवटी एल-ई. खूण शास्त्रीय नाही, पण परीक्षेत चालते.

'स्टेशनरी'ची गंमत याहून मोठी. मध्ययुगात युरोपात फिरते विक्रेते पुष्कळ असत. विद्यापीठाजवळ एका जागी दुकान मांडून बसणारा ग्रंथविक्रेता तो 'स्टेशनर'. त्याच्या दुकानातला माल ती स्टेशनरी, म्हणून तिच्यात ई-आर. 'एका जागी स्थिर' या अर्थाच्या शब्दात मात्र ए-आर. म्हणजे मूळ एकच. 'पेपर'च्या शेवटी ई-आर आणि उभ्या 'कार'च्या शेवटी ए-आर, एवढे आठवले की खर्चाच्या खात्यात स्थिर वस्तू लिहिल्या जात नाहीत.

'अॅडव्हाइस' आणि 'अॅडव्हाइज' यांत कान थोडी मदत करतो. बँकेकडून येते ती सी असलेली अॅडव्हाइस, ते नाम. एस असलेले क्रियापद. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत 'प्रॅक्टिस' आणि 'लायसन्स' यांनाही हाच नियम, पण तिथे उच्चार सारखाच. अमेरिकेत 'प्रॅक्टिस' दोन्ही अर्थांना सी घालूनच लिहितात, म्हणून तिकडची पुस्तके वाचताना गोंधळू नये. 'चेक'चेही तसेच: बँकेचा चेक आपल्याकडे क्यू-यू-ई घालून लिहायचा, तिकडे सी-के.

'पर्सनल' म्हणजे खाजगी. 'पर्सनेल' म्हणजे नोकरवर्ग, त्यात दोन एन आणि शेवटी ई-एल. अर्जावर कर्मचारी विभागाऐवजी 'खाजगी विभाग' लिहून मोकळा झालेला एक मित्र मला ठाऊक आहे. त्याचे नाव सांगत नाही, तो याच वर्गात बसतो.

जूनमध्ये मास्तरांनी मुद्दल फेडले. पावती मीच लिहिली. त्यांनी चष्मा लावून आधी तो शब्द तपासला आणि मग रक्कम.