मुंढ्याचं माप आणि झिप फाइल

पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो म्हणून तो बंद करून, मे महिन्याच्या उकाड्यात घाम पुसत पुसत प्रस्तुत लेखिकेनं कटोरी ब्लाऊजचा मुंढा कसा कापायचा याचा बावीस मिनिटांचा व्हिडिओ केला. २०१९ सालची गोष्ट. त्या एका व्हिडिओनं चॅनल उभं राहिलं. पुढे त्याच चॅनलवर एका सकाळी बिटकॉइनचं लाइव्ह सुरू झालं. ज्या गाढवपणामुळे ते घडलं, तो ‘मी’ म्हणून सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून इथे ‘लेखिका’.

आधी पैशाचं. लग्नाकार्यात हमखास प्रश्न येतो, “लाख व्ह्यूजचे किती गं मिळतात?” लाखाचा ठरलेला भाव नसतो. यूट्यूब व्ह्यूज मोजून पैसे देत नाही. मोठ्या व्हिडिओवर लागणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा चॅनलला मिळतो, शॉर्ट्सचा ४५ टक्के. जाहिरातदार पैसे मोजतो ते बघणाऱ्याचा खिसा आणि विषय पाहून. शेअर बाजार समजावणाऱ्या इंग्रजी चॅनलला मिळणारा दर अस्तर लावायला शिकवणाऱ्या मराठी बाईला मिळत नाही. लेखिकेचं एक शॉर्ट काही लाख लोकांनी पाहिलं, तेव्हा तिनं शिलाई मशीनला मोटर बसवायचं ठरवूनही टाकलं. महिनाअखेरीस आकडा आला, त्यात फार तर मोटरचा पट्टा आला असता.

हे सुरू व्हायलाही वेळ लागतो. २०१८पासून जाहिरातीच्या वाट्यासाठी १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघितलं जाणं (किंवा २०२३पासून शॉर्ट्सना ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज) अशी अट आहे. कमाई दहा डॉलरवर गेली की पत्ता पडताळायला पिन टपालानं येतो. लेखिकेचं पाकीट पोस्टमननं जाहिरातीचं समजून शेजारच्या किराणा दुकानात टाकलं होतं. शंभर डॉलर जमल्याशिवाय बँकेत पैसे येत नाहीत, म्हणजे छोट्या चॅनलला कित्येक महिने थांबणं आलं. २०२१पासून अमेरिकन कराचा फॉर्मही भरावा लागतो. तो राहिला तर एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कात्री लागू शकते. फॉर्म भरायला दहा मिनिटं लागतात.

म्हणून जाणती माणसं एकट्या जाहिरातीवर विसंबत नाहीत. ‘मधुराज रेसिपी’च्या मधुरा बाचल यांनी पाककृतींच्या जोरावर स्वतःचे मसाले बाजारात आणले. बाकीच्यांची नजर असते प्रायोजकावर. लेखिकेचीही होती.

आणि मेल आला. शिलाई मशीनच्या कंपनीकडून आल्यासारखा. भाषा नम्र, रक्कम डोळे फिरवणारी, सोबत ‘करारनामा’ नावाची पासवर्ड लावलेली झिप फाइल. रात्री साडेअकराला, भांडी आवरून, मुलाच्या लॅपटॉपवर तिनं ती उघडली. काहीच दिसलं नाही. सकाळी उघडू म्हणून ती झोपली.

सकाळी चॅनलचं नाव बदललेलं होतं आणि त्यावर ते बिटकॉइनचं लाइव्ह सुरू होतं. ओटीपी आला नव्हता, कुणी पासवर्डही विचारला नव्हता. ब्राउझरमध्ये आपलं लॉगिन जिवंत ठेवणारी कुकीच त्या फाइलनं पळवली होती. चोरानं कुलूप फोडलं नाही, उघड्या दारातून तो आत आला. गुगलच्या सुरक्षा पथकानं ऑक्टोबर २०२१मध्ये नेमकी हीच पद्धत जाहीरपणे मांडली होती, खोट्या प्रायोजकाच्या आमिषासकट. लेखिकेनं ते वाचलं, पण नंतर.

यात ती एकटी नाही, एवढाच दिलासा. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचं ‘आपली आजी’ हे लाखो सबस्क्रायबरचं चॅनलही २०२०मध्ये हॅक झालं होतं. काही दिवसांनी ते परत मिळालं. लेखिकेचंही मिळालं, पण मधल्या दिवसांची कमाई बुडाली आणि दोन जुने व्हिडिओ गेले ते गेलेच.

आता तिच्या घरी प्रायोजकांच्या मेलसाठी वेगळा पत्ता आहे, चॅनलच्या खात्याशी त्याचा संबंध नाही. झिप आली की ती फाइल न उघडता कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून फोन लावते. मेलमधला नंबर वापरत नाही. एडिटिंग करणाऱ्या भाच्याला पासवर्ड दिलेला नाही, यूट्यूब स्टुडिओतून मर्यादित परवानगी दिली आहे. खरा प्रायोजक मिळाला तर व्हिडिओवर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहिते, कारण जाहिरात मानक परिषदेचा २०२१पासून तसा नियम आहे. वीस हजारांवरची मशीन फुकट ठेवून घेतली तर जुलै २०२२पासून तिच्यावर १० टक्के टीडीएसची भानगड येते. त्यामुळे ‘फुकट’ म्हटलं की लेखिका आधी सीएला विचारते.

चॅनल परत आल्यावर पंढरपूरहून एका जुन्या गिऱ्हाईक बाईचा फोन आला. “ताई, परवा तुमच्याकडं तो गोरा माणूस इंग्रजीत काय शिकवत होता? काही कळलं नाही बघा. ते जाऊ द्या, मुंढ्याचा पुढचा भाग कधी टाकताय?”