पूर ओसरल्यानंतर घराची दुरुस्ती

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील दापोरा हे गाव तापीच्या खोऱ्यात वसलेले आहे. या खोऱ्याची जमीन काळी, खोल व पाणी धरून ठेवणारी आहे. केळीला आणि कपाशीला ती मानवते. मात्र ज्या मातीने बागा पोसल्या तीच माती घराच्या पायाला त्रासदायक ठरते. पाणी मिळाले की ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पुराचे पाणी गावात शिरून गेल्यावर घराचे जे नुकसान होते, त्यात पाण्याइतकाच या मातीचाही वाटा असतो.

तापीच्या पुरामागे आणखी एक कारण आहे. बंगालच्या उपसागरातून निघणारे कमी दाबाचे पट्टे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात आणि तापीही बैतूल जिल्ह्यातील मुलताईपासून पश्चिमेकडेच वाहते. त्यामुळे पाऊस आणि पूर काही वेळा जोडीनेच पुढे जातात व नदीची पातळी थोड्या अवधीत चढते. नदीला फुगवटा आला की तिला मिळणाऱ्या ओढ्यानाल्यांचे पाणी तुंबते आणि काठच्या वस्तीत पसरते. अशा वेळी जीवितरक्षण हेच पहिले कर्तव्य असते. प्रस्तुत लेखाचा विषय त्यानंतरचा, म्हणजे पाणी उतरल्यावर घर पुन्हा राहण्याजोगे कसे करावे, हा आहे.

पूर कोणत्या प्रकारचा होता, हे आधी पाहावे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात जो लोंढा आला, तो वेगाचा होता. नदीकाठच्या पेठांतील मातीचे व कच्च्या विटांचे अनेक वाडे त्या दिवशी कोसळले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत कृष्णा आणि पंचगंगा यांचे पाणी मात्र अनेक गावांत दिवसेंदिवस साचून राहिले. वेगाचे पाणी भिंत ढकलते. साचलेले पाणी तिच्या पोटात शिरते. दुसऱ्या प्रकारात घर उभे दिसते, म्हणून घरधनी निर्धास्त होतो, आणि फसगत तेथेच होते. मातीची भिंत पाणी असताना पडण्याऐवजी पाणी उतरल्यावर पडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. आतबाहेर पाणी असते तोवर दोन्ही बाजूंचा दाब सारखा असतो. पाणी गेल्यावर भिजून जड झालेली आणि तळाशी विरघळलेली भिंत स्वतःच्याच भाराखाली बसते. धाब्याच्या घरात तर भिजलेल्या धाब्याचे वजनही तिच्यावर असते.

म्हणून पाणी ओसरताच कुटुंबाने घरात शिरण्याची घाई करू नये. बाहेरून भिंतींची फेरी घ्यावी. कोपरे फाटले आहेत काय, भिंत ओळंब्यात आहे काय, धाबे कोठे लवले आहे काय, हे दिवसाउजेडी पाहावे. विजेचा मुख्य खटका ओल्या जमिनीवर उभे राहून हाताळू नये. जोडणी खांबावरून बंद करवून घ्यावी आणि तारा व बटणे जाणकार तारतंत्र्याने तपासल्यावाचून प्रवाह सुरू करू नये. अडगळीत व चुलीमागे साप-विंचू आश्रय घेतात, तेव्हा सामान काठीने हलवूनच उचलावे. ज्या जुन्या घरात धान्याचे पेव किंवा तळघर असेल तेथे विशेष सावधगिरी हवी. भिजलेले धान्य आंबले की पेवात घातक वायू साचतो व उतरणारा माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. पेव पुष्कळ वेळ उघडे ठेवावे, आणि कोणीही एकट्याने व कमरेला दोर बांधल्याखेरीज आत उतरू नये. तळघरातील पाणीही एका दमात उपसू नये. बाहेरची जमीन पाण्याने भरलेली असताना आतला आधार गेला तर तळघराची भिंत आत ढकलली जाते. दररोज थोडे उपसून बाहेरची पातळी पाहत जाणे सुरक्षित असते.

सफाई करण्यापूर्वी एक काम करून घेणे अगत्याचे आहे. मध्य प्रदेशात नैसर्गिक आपत्तीतील आर्थिक साहाय्य राजस्व पुस्तक परिपत्रकाच्या खंड ६, क्रमांक ४ अन्वये दिले जाते. घर पूर्णतः नष्ट झाले की अंशतः, ते कच्चे होते की पक्के, यावर साहाय्याची रक्कम अवलंबून असते. पटवाऱ्याच्या पंचनाम्यात ही नोंद बरोबर होणे म्हणूनच महत्त्वाचे. भिंतीवरील पाण्याची रेषा, पडलेला भाग व भिजलेले सामान यांची छायाचित्रे घ्यावीत. रेषेवर खिळ्याने खूण करून तारीख लिहावी. पंचनाम्यानंतर आठवडाभराने भिंत पडली, तर तेही तहसील कार्यालयास लेखी कळवावे. अधिकाऱ्यांनीही पहिल्या पाहणीत उभी दिसणारी मातीची घरे सुरक्षित धरून चालू नये. पंधरवड्यानंतरची दुसरी फेरी पुष्कळदा वेगळे चित्र दाखविते.

गाळ ओला असतानाच काढावा. काळ्या मातीचा गाळ वाळला की दगडासारखा घट्ट होतो, आणि आकसताना गिलाव्याचे पापुद्रे ओढून काढतो. फावड्याने गाळ बाहेर टाकून मग फरशी धुवावी. मातीची भिंत मात्र पाण्याच्या फवाऱ्याने मुळीच धुऊ नये. तिला केरसुणी किंवा ओलसर फडके पुरे. गाळात मैला व मेलेली जनावरे यांचे अंश असतात, आणि उंदरांच्या मुतामुळे लेप्टोस्पायरोसिससारखा ताप पसरतो. पायांत बूट घालून व हातापायांच्या जखमा झाकूनच हे काम करावे, आणि त्यानंतर ताप आल्यास गाळात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पुरात भिजलेले धान्य वाळवून खाण्याचा मोह होतो. परंतु मैलामिश्रित पाण्यात बुडालेले आणि बुरशी धरलेले धान्य उन्हात घातल्याने निर्दोष होत नाही.

विहिरीचे काम पहिल्या आठवड्यातच उरकावे. पाणी उपसून गाळ काढल्यावर नवीन पाण्याचे निर्जंतुकीकरण करावयाचे असते. हा हिशेब शाळेच्या वर्गात गणित म्हणून घेण्याजोगा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्यास पाण्याच्या खोलीने व नंतर ७८५ ने गुणावे. उत्तर लिटरमध्ये येते. व्यास ३ मीटर व पाणी ४ मीटर असल्यास २८,२६० लिटर पाणी झाले. दर १,००० लिटरला चांगल्या प्रतीचे विरंजक चूर्ण अडीच ग्रॅम, म्हणजे या विहिरीस सुमारे ७१ ग्रॅम लागेल. पुराच्या दिवसांत मात्रा दुप्पट करावी. चूर्ण बादलीत कालवून निवू द्यावे, वरचे निवळ पाणी तेवढे विहिरीत सोडावे, तळाचा चुना टाकून द्यावा आणि निदान एक तासानंतरच पाणी वापरावे. उघड्या पिशवीत राहिलेल्या चुर्णाचा जोर गेलेला असतो, हे ध्यानात असावे.

घर सुकविण्याचे काम यानंतर येते. सर्व दुरुस्तीत हेच मुख्य असून सर्वांत अधिक चुका येथेच होतात. साहाय्याची रक्कम हाती येते, दिवाळी तोंडावर असते, घरात लग्नकार्य ठरलेले असते. घरधनी सिमेंटचा जाड गिलावा मारून वर रंग देतो. घर काही महिने नवे दिसते आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी गिलाव्याचा तक्ताच्या तक्ता सुटून खाली येतो. कारण साधे आहे. भिंतीच्या पोटातील पाण्याला बाहेर पडावयाचे असते. सिमेंटचा थर ते अडवितो, म्हणून ओल वर चढते आणि पुराच्या रेषेच्याही वर दिसू लागते. आतली माती मऊच राहते, आणि तिला घट्ट न धरणारा सिमेंटचा कडक थर स्वतंत्रपणे सुटतो. पुराने जेवढे नुकसान केले नव्हते तेवढे या गिलाव्याने होते, आणि साहाय्याचा पैसा तर एकदाच मिळतो.

उलट क्रमाने जावे. ज्या घरास आधीच सिमेंटचा किंवा तैलरंगाचा थर आहे, त्याचा पुराच्या रेषेच्या वर हातभर उंचीपर्यंतचा पोकळ वाजणारा भाग काढून टाकावा. कपाटे, पेट्या, कोठ्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढाव्यात. समोरासमोरची दारे-खिडक्या दिवसा उघड्या ठेवून हवा खेळती ठेवावी. आत शेगडी पेटवून भिंत तापविण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती टाळावी. एकतर बंद खोलीतील कोळशाचा धूर प्राणघातक ठरतो, आणि दुसरे म्हणजे पृष्ठभाग एकदम वाळून तडकतो व आतील ओल तशीच राहते. थंड मुलखातील बांधकाम जाणणारे लोक भिंतीच्या जाडीच्या दर इंचाला सुमारे एक महिना असा ठोकताळा देतात. निमाडच्या कोरड्या हवेत हे काम लवकर होते. तथापि दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतीला एक हिवाळा तरी द्यावाच लागतो.

भिंत सुकली की नाही हे हात लावून कळत नाही. दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावा. आतल्या बाजूस दव जमले असेल तर ओल अद्याप बाहेर पडत आहे. सुकताना भिंतीवर पांढरा लोणा येतो. तो पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. कोरड्या कुंच्याने झाडून तो घराबाहेर टाकावा व आला की पुन्हा झाडावा.

लाकडाच्या बाबतीतही हाच धीर हवा. फुगलेल्या दारांना लगेच रंधा मारू नये. वाळल्यावर ती आकसतात आणि फट राहते. सागवानी खांब व तुळया सावलीत, वाऱ्यावर वाळल्या तर सहसा टिकतात. उन्हात टाकलेली फळी मात्र वाकते. खांबाचे बूड जेथे जमिनीत किंवा भिंतीत गेले आहे, तेथे टोकदार सळईने टोचून पाहावे. कागदपत्रांसही ऊन वर्ज्य होय. ऋणपुस्तिका, शाळेची दाखलखारिज नोंदवही यांची चिकटलेली पाने ओढू नयेत. वही उभी करून पाने पंख्यासारखी पसरावीत, मधून कोरे टिपकागद घालून ते बदलत जावे. शिक्षकांनी या कामी गावकऱ्यांना मदत केल्यास पुष्कळ दस्तऐवज वाचतात.

भिंती सुकत असतानाच काळी जमीनही आकसू लागते आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास नव्या भेगा दिसतात. त्या पाहून लोक गोंधळतात, कारण पूर येऊन सहा महिने झालेले असतात. भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांस चुन्याने किंवा सिमेंटने चिकटवावी व तारीख लिहावी. पट्टी फुटली तर पाया अजून हलत आहे. तेव्हा भेग बुजविण्यात अर्थ नाही. मे महिन्यापर्यंत पट्टी शाबूत राहिली तर भेग चुन्याच्या दर्जाने भरावी आणि मगच गिलावा हाती घ्यावा.

मातीच्या भिंतीला मातीचाच गिलावा जुळतो. माती व भुसा एकत्र कालवून, रोज तुडवून, आठवडाभर मुरू द्यावा. त्यावर चुन्याचा हात द्यावा. रुडकी येथील केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने डांबर, रॉकेल व थोडे मेण यांचे मिश्रण अशा मातीत मिसळून पावसाने न धुपणारा गिलावा विकसित केला आहे. त्यात डांबर तापवून विस्तवापासून दूर नेल्यावरच रॉकेल मिसळावयाचे असते. हा गिलावा पावसाच्या माऱ्याला चांगला टिकतो. मात्र भिंत दोन-तीन दिवस पाण्यात उभी राहिल्यास त्याच्याकडून फार अपेक्षा करू नये.

ज्यांचे घर पडलेच आहे त्यांनी नवे जोते दगडी घ्यावे, त्याच्या माथ्यावर ओल अडविणारा थर घालावा आणि पाया भेगा पोचतात त्या खोलीच्याही खाली न्यावा. जोत्याची उंची शेजाऱ्याचे घर पाहून ठरवू नये. ग्रामपंचायतीने पुराची सर्वोच्च रेषा शाळेच्या किंवा चावडीच्या पक्क्या भिंतीवर तैलरंगाने आखून त्यावर वर्ष घालावे, आणि पाणनळीने तीच पातळी नवीन घराच्या जागेवर आणून जोते तिच्या वर हातभर घ्यावे.